चार वर्षांची मुदत

वाचकहो, या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरील जुन्या बंदरांविषयी लिहावे असा माझा विचार होता. टिपणेही काढली होती. परंतु गेल्या पावसाळ्यात घडलेल्या एका प्रसंगामुळे तो बेत मागे पडला. तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे हा लेख असा का झाला ते ध्यानात येईल.

आपल्या संस्थेतर्फे शाळेच्याच इमारतीत संध्याकाळी वायरमनचा वर्ग भरतो हे आपणांस ठाऊक आहे. दिवसा मी इतिहास आणि मराठी शिकवितो. विजेतले मला फारसे कळत नाही, पण त्या वर्गाच्या हजेरीपटाचे काम माझ्याकडे आहे. मगरीबची नमाज झाली की विद्यार्थी येऊ लागतात. विद्यार्थी म्हणायचे, पण त्यांतील बहुतेक पोराबाळांचे धनी. कोणी रिक्षा चालवितो, कोणी गवंड्याच्या हाताखाली आहे, कोणी आखातातील नोकरी सुटल्यामुळे परत आला आहे. दिवसभराच्या कामाने डोळे मिटू लागतात, तरी समोरच्या फळीवर जिन्याच्या दिव्याची जोडणी करून दिवा दोन्ही बटणांवर पेटला की त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो मला माझ्या आठवीच्या वर्गात क्वचितच पाहावयास मिळतो.

त्यांत एक भाई होते, वय अडतीस. अकरा वर्षे मस्कतला काढून आलेले, आता चुलत भावाची रिक्षा दिवसा चालविणारे. हुशार माणूस. ऑगस्टमध्ये त्यांच्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिला मिरजेला न्यावे लागले. सलग वीस दिवस गैरहजर राहणाऱ्याचे नाव कमी करावे असा आमच्या वर्गाचा नियम आहे. एकविसाव्या दिवशी मी तांबड्या शाईने त्यांच्या नावावर रेघ मारली. दोन-अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी ते दाराशी येऊन उभे राहिले. खिशात टेस्टर होता. म्हणाले, "सर, माझे नाव अजून आहे ना?" मी नियम सांगितला. "बरोबर आहे," असे म्हणून ते निघून गेले. त्यांनी वाद घातला असता तर मला बरे वाटले असते.

त्याच आठवड्यात एका वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेताना मी धनंजय कीर यांनी लिहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र पुन्हा चाळीत होतो. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेवर भाषणे लिहून देणे हा आम्हा शिक्षकांचा नेहमीचा उद्योग. अठरा अठरा तास अभ्यास, अर्धपोटी राहणे, ग्रंथालयाचे दार उघडण्यापूर्वी हजर असणे, हे सर्व मुलांच्या तोंडपाठ असते. पण या खेपेस माझी नजर एका निराळ्याच ओळीवर थांबली. पूर्वी कितीदा तरी मी ती वाचून पुढे गेलो असेन. लंडनचा अभ्यास १९१७ साली अर्धा टाकून परत यावे लागले तेव्हा आंबेडकरांनी प्राध्यापक एडविन कॅनन यांच्यामार्फत विद्यापीठाकडून एक परवानगी मिळविली होती. जास्तीत जास्त चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास जेथे सोडला तेथून पुढे सुरू करण्याची ती परवानगी होती.

चार वर्षांची मुदत! आमच्या वर्गात वीस दिवसांची. या दोन आकड्यांमधील अंतर मला स्वस्थ बसू देईना. म्हणून त्या चार वर्षांत काय घडले ते नीट तारीखवार लावून पाहिले. तेच आपल्यापुढे ठेवतो.

आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते. लग्न झालेले, मुलगा यशवंत काही महिन्यांचा, आणि वडील सुभेदार रामजी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारलेले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती, दरमहा साडेअकरा पौंड. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानात नोकरी करावी असा करार होता. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली ते एम. ए. झाले, १९१६ साली पीएच. डी.साठी प्रबंध सादर केला, आणि तेथून लंडनला गेले. तेथे त्यांनी दोन ठिकाणी नाव घातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राची उच्च पदवी, आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. पहिले विद्येसाठी म्हणावे तर दुसरे सरळ सरळ पोटापाण्याच्या धंद्याचे शिक्षण होते. नोकरीवर वा मालकाच्या मर्जीवर अवलंबून न राहता ज्यावर जगता येईल असा वकिली हा व्यवसाय. पुढे त्यांनी सार्वजनिक जीवनात जो बाणेदारपणा दाखविला त्याचा आर्थिक पाया या सनदेत होता, असे मला वाटते.

बॅरिस्टरीच्या शिक्षणाची तऱ्हा मोठी गमतीची होती. इनमध्ये ठरावीक सत्रे पुरी करावी लागत, आणि सत्र पुरे झाले की नाही ते तेथील भोजनगृहात किती वेळा जेवण घेतले यावरून मोजीत. बारा सत्रे भरली आणि परीक्षा उतरल्या की बॅरिस्टर. आपल्याला हे हास्यास्पद वाटते. गरिबाला ती जेवणे परवडणारीही नव्हती. परंतु या जुन्यापुराण्या पद्धतीत एक सोय होती. भरलेले सत्र भरलेलेच राही. मध्ये खंड पडला म्हणून ते पुसले जात नसे.

शिष्यवृत्तीची मुदत संपली. ती वाढवून मिळेना, आणि करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू होणे भाग होते. लंडनमध्ये जेमतेम एक वर्ष झालेले. १९१७ च्या जुलैत ते निघाले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते आणि जर्मन पाणबुड्या समुद्रात दबा धरून होत्या. ते स्वतः एका बोटीने आले, सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीवर चढविली होती. ती बोट पाणबुडीने बुडविली. वर्षानुवर्षे अर्धपोटी राहून जमविलेली पुस्तके खाडीच्या पाण्यात भिजली तरी माणूस हळहळतो, येथे तर समुद्राने गिळली. सामानाची जी भरपाई मिळाली ती बडोद्याच्या प्रवासखर्चाला उपयोगी पडली.

बडोद्यात काय झाले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. संस्थानच्या या उच्चशिक्षित अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी मुसाफिरखान्यात पारशी नाव धारण करून ते राहिले. अंधारी माडी, सोबतीला कोणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसे काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून गेली. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र यांच्याकडे ते गेले. दोघांनीही आपापल्या अडचणी पुढे केल्या. मुंबईची गाडी रात्रीची. मधले पाच तास या माणसाने सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून काढले. शिक्षण अर्धवट, नोकरी गेली, करार मात्र तसाच डोक्यावर!

यापुढील वर्षाविषयी आपल्या भाषणांतून फार थोडे बोलले जाते. कारण त्यात सांगण्यासारखा पराक्रम नाही. मुंबईत परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. भागभांडवलाच्या बाजारात सल्ला देण्याचा धंदा काढला, तो सल्लागाराची जात गिऱ्हाइकांना कळताच बसला. परळच्या पोयबावडीच्या चाळीत कुटुंब होते. रोजची चूल पेटवायची होती. लंडनच्या अभ्यासाची पाने उलटण्यास त्या वर्षी सवड मिळाली असेल असे वाटत नाही. आमच्या नियमाने पाहिले तर या विद्यार्थ्याचे नाव १९१७ सालच्या ऑगस्टमध्येच कमी झाले असते.

१९१८ चा तो काळही लक्षात घ्यावा. त्या पावसाळ्याअखेरीस इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबईत घरोघरी माणसे दगावली. युद्धामुळे धान्य आणि कापड महागले होते. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा त्यांना मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये, जागा तात्पुरती. त्या काळी हा पगार लहान नव्हता. परळच्या चाळीतून चांगल्या वस्तीत बिऱ्हाड हलविता आले असते. तसे झाले नाही. रमाबाईंच्या हाती घरखर्चासाठी बेताची रक्कम पडे आणि उरलेली लंडनसाठी बाजूला ठेवली जाई. रमाबाईंना लंडन म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ती मुदत चालू ठेवण्याचा खर्च महिन्याच्या महिन्याला त्यांच्या स्वयंपाकघरातून जात होता. या दांपत्याच्या मुलांपैकी यशवंत तेवढे वाचले. बाकीची चारही लहानपणीच गेली; शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत. विद्यार्थ्याच्या यशाची गोष्ट सांगताना हा जमाखर्च कोणत्या पानावर मांडायचा हे मला अजून कळलेले नाही.

तात्पुरत्या नोकरीत असतानाच सार्वजनिक कामही अंगावर आले. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. १९२० च्या ३१ जानेवारीस 'मूकनायक' पाक्षिक निघाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. एकीकडे मुदत सरत होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली. स्वतःची शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. शाहू महाराज म्हणजे १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करणारे तेच राजे. आपल्या वाचकांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. जुलैत आंबेडकर बोटीत चढले. सप्टेंबरअखेर लंडनच्या त्याच विद्यालयात पुन्हा दाखल झाले. मुदत संपण्यास जेमतेम एक वर्ष उरले होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. परदेशी शिकणाऱ्याचा पैसा रुपयांत असतो आणि खर्च पौंडांत. १९२० च्या आरंभी एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक भाव होता, म्हणजे हजार रुपयांचे सव्वाशे पौंड. १९२१ साली तो भाव सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला. हजार रुपयांचे साठ-बासष्ट पौंडच हाती येऊ लागले. घरून येणारा पैसा तेवढाच, पण लंडनमध्ये तो निम्मा झालेला! त्या सप्टेंबरात त्यांनी शाहू महाराजांकडे दोनशे पौंडांचे कर्ज मागितले. आणि योगायोग पाहा, डी. एस्सी.साठी त्यांनी घेतलेला विषय होता 'रुपयाचा प्रश्न'. चलनाचा भाव कोणी ठरवावा, सरकारच्या हाती किती सत्ता असावी, यांवरील त्या प्रबंधात आकडेमोड पानोपानी आहे. ती करणाऱ्याच्या खिशात त्याच रुपयाची निम्मी किंमत उरली होती.

पुढील तारखा मी थोडक्यात सांगतो, कारण त्या सर्वांना माहीत आहेत. १९२१ च्या जूनमध्ये एम. एस्सी. १९२२ च्या २८ जूनला बॅरिस्टर. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला. पण १९२३ च्या मार्चमध्ये तो परीक्षकांनी काही भाग पुन्हा लिहिण्यासाठी परत केला, आणि पैसे संपल्यामुळे लंडनमध्ये राहून तो लिहिणे शक्य नव्हते. पुन्हा सारे अर्ध्यावर. ते एप्रिलमध्ये मुंबईस परतले आणि येथेच बसून त्यांनी तो नव्याने लिहिला. प्रबंध पोस्टाने लंडनला गेला आणि वर्षअखेरीस स्वीकारला गेला. उच्च न्यायालयात वकिलीची सनद काढण्यास लागणाऱ्या पैशांसाठीही भथेना यांनीच हात दिला. कोलंबियाचे तर याहून नवल. तेथे प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याखेरीज पदवी मिळत नसे. १९१६ साली दिलेला प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला आणि १९२७ साली पीएच. डी. पदरात पडली. म्हणजे न्यूयॉर्कच्या विद्यापीठाने अकरा वर्षे ती नोंद उघडी ठेवली होती.

वाचकहो, वरील हकीगत वाचून कोणी म्हणेल, आंबेडकर अलौकिक बुद्धीचे होते, त्यांच्याशी रिक्षावाल्याची तुलना कशाला? मी बुद्धीची तुलना करीत नाही. मी पाहतो आहे ते एवढेच, की एवढ्या अलौकिक बुद्धीच्या माणसालासुद्धा सलग शिकता आले नाही. त्याचे शिक्षण १९१७ साली मोडले, १९२३ साली पुन्हा मोडले. कारणे कोणती? संपलेली शिष्यवृत्ती, राहायला न मिळालेली जागा, घरचा खर्च, रुपयाचा भाव. यांतील एकही कारण अभ्यासाच्या आळसाचे नाही. आपण मुलांना अठरा तासांची गोष्ट सांगतो आणि परवानगीच्या त्या कागदाची सांगत नाही. त्यामुळे मुलांची अशी समजूत होते की जिद्द असली म्हणजे दार आपोआप उघडे राहते. दार लंडनमधील एका कचेरीने उघडे ठेवले होते. प्राध्यापक कॅनन यांनी एक पत्र लिहिण्याची तसदी घेतली नसती तर? ती जिद्द कोणत्या दारावर आपटली असती याची कल्पना करून पाहावी.

त्याच वेळी त्याच परळात हजारो प्रौढ माणसांना असे कोणतेही दार नव्हते. आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांतील आजे-पणजे तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बोटींवर होते. प्रौढांसाठी रात्रीच्या शाळा ही कल्पना मुंबई इलाख्यात नवी नव्हती. जोतीराव फुले यांनी पुण्यात १८५५ सालीच कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालविली होती. मुंबईत गव्हर्मेंटच्या टांकसाळीतील व गोदीतील कारागिरांनी १८४७ साली आपली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. काळ्या घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय तिचेच पुढले रूप होय. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि तिने कामगार वस्तीत वाचनालये आणि रात्रीच्या शाळा चालविल्या.

पण त्या १९११ सालच्याच कारखाना कायद्याने कापड गिरणीतील पुरुष कामगाराचा दिवस किती तासांचा ठरविला? बारा तासांचा! आणि ही मर्यादा घातली म्हणून ती सुधारणा. बारा तास मागावर उभे राहिलेल्या माणसापुढे रात्री पाटी ठेवून तो पेंगतो अशी तक्रार करण्यात काय अर्थ होता? १९२२ साली आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ साली चोपन्न, १९४६ साली अठ्ठेचाळीस. रात्रशाळांचा इतिहास लिहावयाचा तर त्यातील पहिले प्रकरण या आकड्यांचे असावे असे मला वाटते, पुस्तकांचे नंतर. त्यातून कोकणचा कामगार. तो पेरणीला गावी जाणार, शिमग्याला नाही तर गणपतीला जाणार. घरी कोणी आजारी पडले तर तार येताच पहिल्या बोटीने निघणार. बोटीवर खलाशी असलेला आपला माणूस तर एकदा गेला की महिनोन् महिने समुद्रावर. परत यावे तो वर्ग पुढे गेलेला, नाव कमी झालेले. ज्यांनी नाव कमी केले तेही वाईट नव्हते. त्यांच्याजवळ माझ्यासारखाच एक नियम होता.

या रिकाम्या जागेची किंमत एकदा फार मोठी द्यावी लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला गिरणी पुन्हा दिसली नाही. चाळिशीतील विणकराने दुसरा हुन्नर शिकावा असे सल्ले तेव्हा पुष्कळांनी दिले. कोठे शिकावा, घरभाडे थकले असताना कोणत्या वेळी शिकावा, आणि मधे चार महिने गावी जावे लागले तर परत घेणार कोण, हे सांगणारे थोडे होते.

आंबेडकरांनी पुढे स्वतः संस्था काढल्या तेव्हा काय केले तेही पाहण्यासारखे आहे. १९२५ पासून तीन-एक वर्षे ते मुंबईत हिशेबनिसांच्या एका शिक्षणवर्गात व्यापारी कायदा शिकवीत होते. म्हणजे धंद्याचे शिक्षण घेणाऱ्यांशी त्यांचा शिक्षक म्हणूनही संबंध आला. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, जेणेकरून नोकरी करणाऱ्याने आधी कॉलेज करावे आणि मग कचेरी गाठावी. पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. तेथे अभ्यासक्रमाच्या किमान मुदतीहून अधिक काळ नोंदणी चालते. उत्तीर्ण झालेला भाग जमेस राहतो. आपल्या गावातील दोन अंगणवाडी सेविका आणि एक टपाल कर्मचारी याच मार्गाने पदवीधर झाले. त्यांतील एकीला मध्ये दोन बाळंतपणे झाली.

हे सर्व लिहीत असताना माझे मलाच एक अडचणीचे वाटत होते, आणि ते लपविणे बरे नव्हे. नियम मुळात का झाला? वर्गात जागा वीस. बाहेर दहा-बारा जण वाट पाहत असतात. नाव घालून न येणाऱ्यांनी जागा अडविल्या तर त्या दहा-बारांवर अन्याय होतो. शिवाय वायरमनचे काम म्हणजे इतिहास नव्हे. चार महिने खंड पडलेल्या माणसाला तसाच खांबावर चढवला तर जिवाशी खेळ. आमच्या वर्गाचे शिक्षक वीजमंडळातून निवृत्त झालेले वयस्कर गृहस्थ आहेत. मी त्यांच्यापुढे हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "जागा दुसऱ्याला द्या, सर. नाव ठेवायला काय लागते? परत आला की पहिले आठ दिवस मी त्याला फळीवर बसवीन. अर्थिंग आणि फ्यूज पुन्हा करून दाखवले की पुढे घेईन." लंडन विद्यापीठाने १९१७ साली याहून निराळे काय केले होते? आंबेडकरांची खुर्ची तीन वर्षे कोणी रिकामी ठेवली नव्हती. त्यांनी केलेले काम तेवढे कागदावर जमेस धरले होते.

त्याप्रमाणे मी कार्यकारी मंडळाकडे एक अर्ज दिला आहे. घरचे आजारपण, बाळंतपण, कामासाठी परगावी वा जहाजावर जाणे, पूर वा घरपडी, अशा कारणाने खंड पडल्यास विद्यार्थ्याने साध्या कागदावर लिहून द्यावे. लिहिता न आल्यास सांगावे, हजेरी ठेवणाऱ्याने लिहावे. त्याची जागा रांगेतील दुसऱ्यास द्यावी, पण झालेले पाठ आणि भरलेली फी दोन वर्षे जमेस राहावी. चार वर्षे मागण्याचा धीर मला झाला नाही. मंडळातील एका ज्येष्ठांनी मला विचारले, असे किती जण परत येतात? मी जुने हजेरीपट काढून पाहिले. गेल्या पाच वर्षांत तांबडी रेघ मारलेली नावे एकतीस आहेत. ते का गेले आणि परत आले असते का, याची नोंद कोणत्याच पानावर नाही. रेघ मारणारा मीच असल्यामुळे दोष दुसऱ्या कोणाचा दाखविता येत नाही. त्या एकतीसांपैकी आठ जण अद्याप गावातच राहतात. त्यांना मी एकेक करून भेटतो आहे.

पहिल्यांदा अर्थातच रिक्षा स्टँडवर गेलो. भाई गाडी पुसत होते. आईची प्रकृती विचारली. उजवा हात थोडा हलू लागला आहे, बोलणे अजून स्पष्ट नाही, रोज सकाळी मालीश करावी लागते. मग मी अर्जाचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, धाकट्या बहिणीचे लग्न काढले आहे, रमजान ईदनंतर. ते उरकले की जूनमध्ये येतो. जून चालेल?"

मी चालेल म्हणालो. मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे.